जमशेटजी शेट आणि आठ आण्यांचा कुत्रा

बँकेच्या कर्जाच्या अर्जात जनावरांसाठी एक तक्ता असतो. बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी असे रकाने आणि पुढे नग व किंमत. १९८८च्या सुमारास मी वडनेर भोलजीला होतो तेव्हा हे तक्ते दिवसाला पाच-पन्नास भरायचो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. तहसिलातून याद्या यायच्या, आम्ही शेळ्या-मेंढ्या वाटायचो. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकला की कागद पुरा होई.

एका दुपारी एक मेंढपाळ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मेंढ्यांसाठी त्याने आमच्याकडूनच कर्ज घेतले होते आणि हप्ते नियमित होते. त्याचा कुत्रा हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला होता. मागचा पाय चिरडला होता, जीव होता. नांदुऱ्याला न्यायचे, डॉक्टरला दाखवायचे, औषधाला पैसे हवेत, तर दीडशे रुपये वाढवून द्या, असे त्याचे म्हणणे. मी तक्ता त्याच्यापुढे सरकवला आणि यात कुत्र्याचा रकाना दाखव म्हणून हसलो. शाखेतले इतरही हसले. त्याला वाचता येत नव्हते. त्याने तक्त्याकडे जरा वेळ पाहिले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो गेला.

ही गोष्ट मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. पण तिचा धागा मला पुढे फार वर्षांनी सापडला, आणि तोही मुंबईच्या एका अशा शेटच्या चरित्रात, ज्याचे नाव आपण रोज घेतो आणि ज्याच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसते. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. या दोन ‘जे’मागचा माणूस म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३चा. घराणे नवसारीकडचे, परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षाच्या आसपास आई-वडिलांचे छत्र हरपले आणि पोरगा मुंबईला मामाकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी यांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून ते बाटलीवाला. भाच्यालाही काही काळ तेच नाव चिकटले. पुढे १८०३मध्ये मामांचीच मुलगी आवाबाई त्यांची पत्नी झाली. रिकामी बाटली विकणारा मुलगा, ज्याला वस्तू टाकून दिली तरी तिला किंमत असते हे पहिल्यांदा त्या दुकानात कळले असावे, असे मला कादंबरीकार म्हणून वाटते. चरित्रकाराने असे म्हणू नये.

चीनच्या पाच सफरी त्यांनी केल्या. त्यातल्या १८०५च्या सफरीत ‘ब्रन्सविक’ नावाचे जहाज लंकेजवळ फ्रेंचांनी पकडले. माल गेला, पैसा गेला आणि जमशेटजींना कैदी म्हणून थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेण्यात आले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे हा जार्डिन चीनच्या व्यापारातला मोठा सावकार झाला आणि जमशेटजींचा आयुष्यभराचा व्यापारी मित्र. हाती काही न राहता मुंबईला परतलेल्या तरुणाने मग जे भागीदार जोडले ते पाहण्यासारखे आहेत. मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोघे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया गोव्याकडचे ख्रिस्ती. चार धर्मांची माणसे एका वहीवर.

वहीत काय होते तेही सांगितले पाहिजे. कापूस होता आणि अफूही होती. चीनला अफू पोचवूनच जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग उभा राहिला. त्यांच्या दानाविषयी लिहिणारे बरेचजण इथे पान उलटतात. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली, पैशाला वास नसतो हे वाक्य त्या काळात अनेकदा ऐकले, आणि ते मला कधीच पटले नाही. वास असतो. कँटनमध्ये कोणाचे घर उद्ध्वस्त झाले आणि त्या पैशातून मुंबईत कोणाचा ताप उतरला, याची बेरीज-वजाबाकी कुठल्याच खतावणीत जमत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या, एवढेच करता येते.

कापसाचे नाव निघाले म्हणून आमच्या भागाची एक गोष्ट. आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी, १८२५-२६मध्ये, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा परस्पर मुंबईला नेला. पाचशे बैलांच्या पाठीवर, पाचशेहून अधिक मैल. वडनेर, नांदुरा, मलकापूर हा सगळा काळ्या मातीचा पट्टा तेव्हापासून मुंबईच्या बंदराशी बांधला गेला. त्या तांड्याबरोबर राखणीची कुत्री असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. ज्याने कधी रानात मुक्काम केला आहे त्याला ते ठाऊक असते.

दानाची जमशेटजींची एक रीत होती, आणि ती १८२२मध्ये दिसली. मुंबईच्या दिवाणी तुरुंगात त्या वेळी कर्ज फेडता न आलेली गरीब माणसे डांबलेली असत. जमशेटजींनी त्यांची देणी भरून टाकली आणि माणसे घरी गेली. इथे मी नेहमी थांबतो. त्यांनी तुरुंगात अन्न पाठवले असते, कपडे वाटले असते, तरी लोकांनी नाव घेतलेच असते. पण अडले कुठे ते त्यांनी पाहिले आणि तेवढेच सोडवले. वसुलीच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट जरा बोचते.

आता कुत्र्यांकडे येतो.

मुंबईच्या किल्ल्यात आणि बाहेर भटकी कुत्री फार झाली होती. उन्हाळ्यात ती पिसाळतात म्हणून ठरावीक दिवसांत त्यांना मारण्याचा नियम कंपनी सरकारने केलेला होता. भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पाश्चरची लस आली ती १८८५मध्ये. त्याआधी चावा म्हणजे मरण, तेही भयानक. १८३२मध्ये कुत्री मारण्याची मुदत वाढवण्यात आली, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते.

बक्षिसाने काय होते ते कोणत्याही शाखाधिकाऱ्याला विचारा. उद्दिष्ट ठरले, नगावर मोबदला ठरला, की माणूस नग मोजतो. रस्त्यावरचे कुत्रे चपळ असते, हाती लागत नाही. घराच्या ओट्यावर निजलेले, माणसाला सरावलेले कुत्रे सहज पकडता येते. आठ आणे दोघांचेही सारखेच. तेव्हा कुत्री पकडणारे लोकांच्या आवारात शिरू लागले आणि पाळलेली कुत्री ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी झाल्या. साहेबाच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असे, दाराशी नोकर असे. गरिबाच्या कुत्र्याला ना पट्टा ना दार. ते त्याचे आहे हे त्याला स्वतःला आणि कुत्र्याला माहीत, तिसऱ्या कोणाला पटवायचे कसे?

पारशी समाजाला तर हे काळजात लागले. त्यांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान आपल्या गाईसारखे, किंबहुना अधिक जवळचे. माणूस गेला की अंत्यविधीत त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडतात. त्या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे चार डोळ्यांचा कुत्रा त्यासाठी उत्तम. जेवताना कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची चाल त्यांच्यात जुनी. आपल्यालाही हे परके वाटू नये. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणी ऐकलेले असतात, आणि दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असल्याशिवाय ती पुरी होत नाही.

६ जून १८३२ रोजी किल्ल्यात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडलीच नाहीत. बाजार बंद, आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. मुंबईत पुढे इतके बंद झाले की त्यांची मोजदाद नाही, पण इतक्या जुन्या काळातला हा बंद कुत्र्यांसाठी होता हे मुंबईकरांनाही ठाऊक नसते. फौज आली, धरपकड झाली, खटले चालले, शिक्षा झाल्या.

या सगळ्यात जमशेटजी कुठे होते? दगड मारणाऱ्यांत नव्हते. ते तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, मोठे व्यापारी, सरकारदरबारी वजन असलेले. दंग्यापासून शेटिया मंडळी दूरच राहिली. काहींना हा भित्रेपणा वाटेल. मला तसे वाटत नाही. सरकारचे साहेब आणि चिडलेला समाज यांच्यामध्ये कोणीतरी दोन्ही भाषा जाणणारा लागतो, आणि ते काम जमशेटजींनी केले. निरनिराळ्या जातिधर्माच्या व्यापाऱ्यांनी मिळून सरकारकडे अर्ज केला. कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन ठेवा, असा त्याचा रोख. कुत्री उपद्रव देतात हे त्यांनी नाकारले नाही, मारण्याला पर्याय सुचवला. २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकराच दिवसांनी त्यात बदल करून, पिसाळलेली व हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी आणि लसीनंतर मूळ जागी सोडायला सांगितले, तेव्हा घराघरांत जो वाद पेटला तो ऐकताना मला हा १८३२चा अर्ज आठवत होता. दोन शतके होत आली, आपण त्याच ओट्यावर बसलो आहोत.

अर्ज करून मोकळे होणारे पुष्कळ असतात. कुत्री शहराबाहेर न्या म्हणजे कुठे न्या, आणि त्यांना खायला कोण घालणार? १८३४मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांनी त्याचे उत्तर दिले. एक पारशी आणि एक जैन, अफू-कापसाच्या वहीतले भागीदार, यांनी भुलेश्वरला मुंबईची पांजरापोळ उभी केली. आज तिथे गायी दिसतात आणि लोक चारा घालून पुण्य जोडतात, त्यामुळे ती गोशाळा म्हणूनच ओळखली जाते. पण तिच्या जन्माचे कारण कुत्रे आहे.

मला खरा रस आहे तो तिच्या पैशाच्या व्यवस्थेत. एका शेटच्या देणगीवर अशी संस्था दहा वर्षे चालते, शेटचा मुलगा दुसऱ्या विचाराचा निघाला की बंद पडते. इथे देणगी तर होतीच, पण व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वतःहून एक बारीकशी पट्टी बसवून घेतली. तिला लागा म्हणत. कापसासारख्या मालाच्या सौद्यात काही अंश पांजरापोळीचा. देणाऱ्याला जाणवू नये इतका लहान, आणि सौदे चालू आहेत तोवर न आटणारा. दयेची लाट येते नि जाते, लागा मात्र दर सौद्याला येतो. वऱ्हाडातून बैलांच्या पाठीवर गेलेल्या एखाद्या गाठीवरही तो बसला असेल, या कल्पनेने मला उगाच बरे वाटते.

पांजरापोळीत जनावराला त्याचा उपयोग विचारत नसत. म्हातारे, लंगडे, टाकलेले, सगळे आत. तक्त्यात ज्याला रकाना नाही त्यालाही जागा.

पण एक उणीव होती आणि ती नोंदवली पाहिजे. पांजरापोळ कुत्र्याला वाचवत होती. कुत्र्याच्या धन्याला त्याचा उपयोग थोडा. ज्याचा कुत्रा आजारी पडला आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याच्यापुढे मार्ग काय, तर कुत्रा पोळीच्या दाराशी सोडून यायचा. कुत्रा जगेल, पण तुझा राहणार नाही. १८२२मध्ये तुरुंगातल्या माणसाला घरी पाठवणाऱ्या जमशेटजींना हे सुचले नाही असे नव्हे. त्या काळात जनावराला बरे करून परत घरी पाठवण्याची विद्याच इथे नव्हती. शिकलेला पशुवैद्य नाही, दवाखाना नाही, मग सांभाळणे एवढेच उरते.

जमशेटजींचे पुढचे आयुष्य शाळेच्या पुस्तकातले आहे, म्हणून भरभर सांगतो. १८४२मध्ये ते ‘सर’ झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. १८४३मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. एक लाख रुपये त्यांचे. माहीमच्या खाडीवरून वांद्र्याला जाताना होड्या बुडत, सरकार पूल बांधायला तयार नव्हते, तेव्हा आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कधी पथकर घ्यायचा नाही. अट पाहा! दान देऊन विसरायचे नाही, उद्या त्यावर कोण बसेल तेही पाहून ठेवायचे. नवरा-बायको एकाच शाळेत शिकलेले दिसतात. १८५७मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरा पदवी आली, तीही भारतीयांत पहिली, आणि त्याच वर्षी कलाशाळा सुरू झाली. १४ एप्रिल १८५९ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी ते गेले.

धन्याला कुत्रा परत मिळण्याची सोय व्हायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली, आणि ती दुसऱ्या एका पारशी घराने केली. १८७४मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली. मग गिरण्यांचे मालक दिनशा माणेकजी पेटिट पुढे आले. हे दिनशा सतराव्या वर्षी एका गोऱ्या पेढीत महिना पंधरा रुपयांवर कारकून म्हणून लागलेले. पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८०च्या दशकात परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. नाव लांबलचक, म्हणून गिरणगावाने त्याला आपले नाव दिले, बैलघोड्याचे इस्पितळ. २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि डॉक्टर तयार होऊ लागले. बैल होते, घोडे होते, पण नावात नसलेली कुत्री-मांजरेही पुढे पिशवीतून, पोत्यातून, काखेत धरून त्याच दाराने आत गेली. जनावर घेऊन यायचे, बरे करून घेऊन जायचे.

मुंबईला प्रशिक्षणासाठी गेलो असताना एकदा परळच्या त्या फाटकासमोर मी बराच वेळ उभा होतो. एक म्हातारा गृहस्थ भुऱ्या रंगाच्या गावठी कुत्र्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून बाहेर येत होता. कुत्र्याच्या पायाला पांढरे बँडेज होते आणि ते दातांनी सोडवण्याची त्याची खटपट चालू होती. म्हातारा त्याला रागावत होता. बसच्या रांगेत लोक दोघांकडे पाहून हसत होते. मी हसलो नाही.

वडनेरच्या मेंढपाळाची उरलेली हकीकत अशी. दोनेक महिन्यांनी मी कर्जाच्या मेंढ्यांच्या तपासणीला गेलो. गावाबाहेर, हमरस्त्याच्या पलीकडे त्यांचा वाडा बसला होता. बिल्ले मोजले तर एक मेंढी कमी. नजरगहाण मालाची परस्पर विक्री, म्हणजे गंभीर गोष्ट. विचारले तर त्याने काही लपवले नाही. कुत्र्यासाठी विकली, म्हणाला, दीडशेला कोणी घेईना, एकशे तीसला दिली. कुत्रा तिथेच होता. तीन पायांवर उठला, मला हुंगून पाहिले आणि पुन्हा मेंढ्यांच्या कडेला जाऊन बसला. रात्री लांडगे येतात, मेंढीपेक्षा हा महाग आहे, असे तो साध्या आवाजात सांगत होता, जणू मीच अडाणी होतो.

शाखेत येऊन मी अहवाल लिहिला. कर्जदाराने तारण मालाची विनापरवाना विक्री केली, नोटीस द्यावी. नोटीस गेली. दिवाळीच्या आत त्याने त्या मेंढीचे पैसे आणून भरले आणि पावतीच्या स्थळप्रतीवर अंगठा केला. कुत्रा बाहेर पायरीवर बसून होता. शिपायाने त्याला हाकलले, तर तो दोन पावले सरकून पुन्हा बसला.